बाजूची दोन चाकं

तपासणीला मोटरसायकल आली की मी आधी चालवणाऱ्याच्या चपला पाहते. टाचा घासून पातळ झाल्या असतील तर समजायचं, ब्रेक नीट लागत नाही. हा माणूस गाडी पायानं थांबवतो. ही युक्ती आमच्या केंद्राचे मालक सोनकर भैया यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवली. "आदमी से ब्रेक का मत पूछो, सब बढ़िया बताएगा. चप्पल देखो," असं ते म्हणाले होते. कॉलेजच्या तीन वर्षांत इतकं उपयोगी पडलेलं वाक्य मला दुसरं आठवत नाही.

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहून दे, असं संपादक काकूंनी सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. असे लेख निवृत्त माणसं लिहितात. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि नोकरी आहे ती सकाळी सात ते अकरा. पण काकू म्हणाल्या, "अगं, इकडे मराठीत लिहिणारी तुझ्या वयाची मुलं राहिलीच किती?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर लक्षात आलं की मला खरोखर एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगायला मी तीन वर्षांतलं बाकी सगळं पुढे करते आहे. तरी थोडं पुढे करतेच, नाहीतर आमचं काम कळणार नाही.

आमचं केंद्र म्हणजे रिछाईच्या कारखान्यांच्या वसाहतीत रस्त्यावरची एक पत्र्याची शेड. तिथं दोन कामं होतात. पहिलं धुराच्या तपासणीचं. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, पडद्यावर आकडे येईपर्यंत थांबायचं आणि प्रमाणपत्र काढून द्यायचं. दुसरं काम थोडं वेगळं. एखादी मोटरसायकल पंधरा वर्षांची झाली, किंवा दुसऱ्या राज्यातून आली, किंवा तिच्यात काही बदल केला, तर ती सरकारी निरीक्षकाला दाखवावी लागते. तिथं नेण्याआधी लोक आमच्याकडे येतात. आम्ही दिवा, ब्रेकचा लाल दिवा, हॉर्न, टायरच्या खाचा, आरसे, साडी गार्ड, नंबरप्लेट पाहतो. चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो आणि त्याची छाप अर्जाला लावतो. अर्ज मी भरते. पास किंवा नापास करणं आमच्या हातात नाही. नापास होऊन परत येऊ नये एवढंच आम्ही पाहतो.

माणसं तऱ्हेतऱ्हेची येतात. एक गृहस्थ दोन्ही आरसे पिशवीत घालून आले होते. "लगाते क्यों नहीं?" विचारलं तर म्हणाले, "टूट जाएँगे दीदी, रास्ते में भीड़ कितनी है." साडी गार्ड काढून ठेवलेल्या एका दादांनी मला समजावलं की त्यांच्या बायकोनं लग्नानंतर साडी नेसलेलीच नाही, तेव्हा हा नियम त्यांना लागू होत नाही. मी म्हटलं, नियम साडीला नाही, गाडीला आहे. ते बायकोला फोन लावून म्हणाले, "लो, तुम ही बात करो मैडम से." तीसुद्धा म्हणाली, "लगवा दीजिए दीदी, घर में मेरी तो सुनते नहीं."

सगळ्यात हैराण होतात ती बदली होऊन आलेली माणसं. कायद्याचं पुस्तक देशाला एकच, पण ते उघडून वाचायची रीत राज्याराज्यात वेगळी. एका ठिकाणी पेन्सिलची छाप मागतात, दुसऱ्या ठिकाणी मोबाइलवरचा फोटो चालतो. कुठं गाडी यंत्रावर चढवून तपासतात, कुठं निरीक्षक स्वतः भोवती फिरून बघतात. रेल्वेतले एक साहेब आमच्या शेडमध्ये उभे राहून अर्धा तास सांगत होते की त्यांच्या मागच्या गावी हेच काम कसं एका फेरीत झालं. सोनकर भैयांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तो साहब, गाड़ी वहीं छोड़ आते." (नियम बदलतही असतात. या लेखातलं वाचून कुणी कागद तयार करू नयेत, ही विनंती. ती मी का करते आहे ते पुढे कळेल.)

बावनकर काका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते रिक्षातून. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा उजवा पाय अधू आहे, काखेत कुबडी असते. भर बाजारात, कमानिया गेटजवळ एका कापडवाल्याच्या पायऱ्यांशेजारी त्यांचं टेबल होतं. रबरी शिक्के करून द्यायचे. शाळांचे, दवाखान्यांचे, वकिलांचे, सरकारी ऑफिसांचे सुद्धा. राहायला लांब रांझीत. तिथून त्यांचा धाकटा भाऊ रोज त्यांना स्कूटरवर टेबलापर्यंत सोडायचा आणि संध्याकाळी घेऊन यायचा. भावाची बदली इटारसीला झाली. जाताना त्यानं स्कूटर काकांच्या नावावर करून दिली. तिला मागच्या बाजूला दोन जादा चाकं लावली की काकांना तोल सांभाळायची गरज नव्हती. ती त्यांना स्वतः चालवता आली असती.

सोनकर भैयांशी ते हिंदीत बोलले. मग टेबलावर माझं नाव वाचून म्हणाले, "मराठी काय गं तू?"

"हो काका."

"अच्छा! मग काहून मी इतका वेळ हिंदी बोलून राहिलो?" ते खुर्चीत नीट बसले. "हे बघ पोरी. मले एकच सांग. आधी चाकं लावू का आधी कागद करू? टेबल माझं आता एक दिवसाआड लागते. रिकामी जागा दिसली का कमानियाला दुसरा येऊन बसते. शेठ भला आहे, पण किती दिवस थांबंल?"

एवढाच प्रश्न होता. आधी चाकं की आधी कागद. मी म्हटलं, "उद्या सांगते काका, नीट वाचून."

इथं माझ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. माझे बाबा रिछाईतच एका कारखान्यात माल चढवायचं काम करतात, पाचवीपर्यंत शिकलेत. आईची शाळा त्याहून कमी. आमच्याकडे कुठलाही कागद आला, विजेच्या बिलापासून दवाखान्याच्या रिपोर्टापर्यंत, की तो माझ्या हातात देतात आणि मी काय सांगते त्याची वाट बघतात. मी सांगितलं की विषय संपतो. 'हिनं वाचलं ना, मग बस,' असं बाबा म्हणतात. छापलेलं असेल तर ते खरं आणि मी वाचलं म्हणजे मला कळलं, ही सवय मला अशी लागली.

त्या रात्री मी मोबाइलवर शोधलं, आणि मराठीत शोधलं. काकांना मराठीत सांगायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही मिरवायचं होतं. मराठी पानं बरीच निघाली. त्यातल्या एका पानावर अगदी आमच्याच प्रश्नाचं उत्तर होतं: अपंग व्यक्तीनं चाकं बसवून घ्यावीत आणि मग वाहन तपासणीला आणावं. काकांचा मावसभाऊ नागपूरला राहतो, त्यानंही तसंच केलं होतं आणि त्याच्या कागदावर नोंद झाली होती. मी ते पान कॉलेजजवळ छापून घेतलं.

सोनकर भैयांनी ते हातात घेऊन पाहिलं. "यहाँ के दफ़्तर में एक बार पूछ लेती."

"भैया, छपा हुआ है," मी म्हटलं. त्या वेळचा माझा आवाज मला अजून ऐकू येतो.

मराठी मला येते पण मराठी नियम महाराष्ट्राचे असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी जन्मापासून जबलपूरला आहे. मराठी म्हणजे घरचं, आणि घरचं म्हणजे इथलंच, असं काहीतरी आत बसलेलं असावं.

रिछाईतल्या एका फॅब्रिकेटरनं चाकं बसवून दिली. लोखंडी दांडा चेसिसला वेल्डिंग करून दोन्ही बाजूंना एकेक चाक. काकांनी आमच्या शेडसमोरच्या मोकळ्या जागेत पाच-सहा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीला ते थांबलेच नाहीत, सरळ रस्त्यावर गेले. आम्ही घाबरलो. दहा मिनिटांनी परत आले ते तोंडात पान घेऊन.

"काका, कुठं गेला होता?"

"पान खायला." मग म्हणाले, "इतकं वय झालं माझं. कोणाले न सांगता निघालो, असा आज पहिला दिवस."

तपासणीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत आरटीओत गेले. ते स्कूटरवर रांगेत थांबले, कारण उतरून खिडकीपर्यंत जाणं त्यांना अवघड होतं. कागद घेऊन मी गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी सगळं चाळलं आणि विचारलं, "अनुमति?"

"कौन सी अनुमति?"

"पहिये लगाने की. पहले अनुमति, फिर पहिये. हमारे यहाँ ऐसे ही है." मी छापील पान पुढं केलं. त्यांनी वरची ओळ वाचली आणि ते परत दिलं. "बेटा, ये महाराष्ट्र का है."

ते काही रागावले नाहीत. उलट म्हणाले, "एक काम करो. लिखकर दे दो कि ग़लत जानकारी मिली, इसलिए पहले लग गए. किसने दी, वो भी लिख दो. साहब देख लेंगे, शायद कटवाने न पड़ें. नहीं तो पहिये हटाओ, गाड़ी पहले जैसी करो और अर्ज़ी लगाओ. टाइम लगेगा."

खिडकीपासून रांगेपर्यंत फार तर तीस पावलं असतील. चुकीची माहिती कुणी दिली तर मी दिली. कागदावर केंद्राचं नाव येणार, सोनकर भैयांना उत्तर द्यावं लागणार, माझी नोकरी जाणार, या नोकरीवर माझी फी चालते. हे सगळं मी त्या तीस पावलांत विचारात घेतलं. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं टेबल मात्र माझ्या विचारात आलं नाही. आलं असेल तर शेवटी.

"काय म्हणते साहेब?" काकांनी विचारलं.

"नियम बदललाय काका. आता आधी परवानगी लागते."

"कधी बदलला?"

"आत्ताच."

काका हसले. "वा रे सरकार! मी चाकं लावली का यांनी नियम बदलला. तू काहून तोंड पाडून उभी आहे? तुझा काय दोष?"

लेखी देण्याची गोष्ट मी सांगितलीच नाही.

चाकं कापावी लागली. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असताना काका शेडमध्ये खुर्चीवर बसले होते आणि मी अर्ज भरत होते. सोनकर भैयांना मी केंद्रावरही नियम बदलल्याचंच सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटतं त्यांना कळलं होतं. वातावरण हलकं करायला ते काकांना म्हणाले, "आप तो ख़ुद मोहर बनाते हो. एक अनुमति वाली भी बना लो, झंझट ख़तम."

काका म्हणाले, "बना तो दूँ भैया, किसी का बाप नहीं पकड़ेगा." मग माझ्याकडे वळून मराठीत, "अर्ध्या शहराचे शिक्के माझ्या हातचे आहे. त्यातला एक खोटा केला, तर बाकीच्याले कोण खरं म्हणन?"

मी अर्जावरून डोकं वर केलं नाही.

परवानगीला वेळ लागला. कुणी मुद्दाम अडवलं नाही. डॉक्टरांचा कागद हवा होता, मग फॅब्रिकेटरचा नकाशा हवा होता, मग तो नकाशा दुसऱ्या पद्धतीनं हवा होता. उन्हाळा गेला, पाऊस लागला. काका चाकांशिवाय स्कूटर चालवू शकत नव्हते. कमानियाला रिक्षा गर्दीच्या अलीकडेच थांबते, तिथून कुबडीवर चालत जायचं. एक दिवसाआड लागणारं टेबल दोन दिवसांआड लागू लागलं. एका ओल्या सकाळी ते गल्लीतल्या फरशीवर घसरले आणि डावं मनगट मोडलं. कुबडी त्याच हातात असायची. दीड महिना घरी. शिक्का कोरायला दोन्ही हात लागतात.

कापडवाल्या शेठनी बरेच दिवस टेबल तसंच ठेवलं होतं, असं काका सांगतात. मग तिथं मोबाइलची कव्हरं विकणारा बसला. कॉलेजमधून घरी जाताना मी एकदा मुद्दाम कमानियावरून गेले. कव्हरं रंगीत होती आणि जागा खरंच मोक्याची होती, पायऱ्यांवरून उतरणारा प्रत्येक माणूस तिथं थांबत होता. मी एक कव्हर उचललं, परत ठेवलं. त्या माणसावर राग यावा असं त्यानं काहीच केलं नव्हतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास परवानगी आली. चाकं पुन्हा लागली. आधीचं वेल्डिंग जिथं कापलं होतं तिथं दुसरी पट्टी मारावी लागली. निरीक्षकांनी भोवती फिरून पाहिलं, ब्रेक लावून पाहिले, आणि नोंद झाली. काका एकटे स्कूटरवरून आमच्या शेडमध्ये आले, पेढे घेऊन.

"घे पोरी. तुझ्यामुळे झालं. मंडळात मी सगळ्याले सांगून राहिलो, आपली एक पोरगी आहे तिथं. मराठीत समजावून सांगते, फसवत नाही."

मी पेढा हातात घेतला होता. खाता आला नाही. सोनकर भैया बाहेर एका गाडीचा हॉर्न वाजवून बघत होते. मी म्हटलं, "काका, नियम बदलला नव्हता."

"म्हणजे?"

"पहिल्यापासून तसाच होता. मी दिला तो कागद महाराष्ट्राचा होता. मी बघितलं नाही."

काकांनी कागदांची पिशवी उघडली. ते पान त्यात होतं, नीट घडी घातलेलं. त्यांनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. शिक्के करणारा माणूस, अक्षर न् अक्षर वाचायची सवय. मग म्हणाले, "यात चूक काहीच नाही. तिकडचं आहे, बस. मीही नाही पाहिलं."

इथं मी थांबू शकले असते. त्यांनी मला सोडून दिलं होतं. पण मी उरलेलंही सांगितलं: खिडकीतल्या माणसानं लेखी द्यायला सांगितलं होतं, चुकीची माहिती कुणी दिली ते लिहायला सांगितलं होतं, कदाचित चाकं कापावी लागली नसती, आणि मी ते त्यांना कळवलं नव्हतं.

काकांनी चष्मा काढला. "तेव्हाच सांगितलं होतं त्यानं? त्याच दिवशी?"

"हो."

"मी तिथंच बसलो होतो. रांगेत."

"हो काका."

बाहेरचा हॉर्न वाजायचा थांबला. काकांनी ते पान परत घडी करून पिशवीत ठेवलं नाही, माझ्या टेबलावर ठेवलं. कुबडी घेतली. उठायला मी मदत करायला गेले तर हातानंच नको म्हणाले. दारात पोचल्यावर वळले आणि म्हणाले, "चलो बेटा. ठीक है. चलता हूँ."

ते माझ्याशी हिंदीत बोलले, ती पहिली वेळ.

सोनकर भैयांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी नोकरीवरून काढलं नाही. एवढंच म्हणाले की यापुढं खिडकीवरून जे ऐकशील ते आधी वहीत लिहायचं, मग तोंडानं सांगायचं. तेव्हापासून मी तसं करते. माझ्या टेबलामागं आता एक पाटी आहे, कुठल्या कामाला इथं काय लागतं त्याची, हिंदीत. मी ती स्वतः कार्यालयात जाऊन, विचारून, लिहून आणली आहे. लोक तिचा फोटो काढून नेतात. त्या पाटीचा मला अभिमान आहे, पण तिच्याकडे फार वेळ बघवत नाही.

काका आता घरूनच शिक्के करतात. पूर्वीपेक्षा काम खूप कमी आहे असं त्यांच्या ओळखीच्यांकडून कळतं. मंडळाचा अंक त्यांच्याकडे दरवर्षी जातो, तेव्हा हा लेख ते वाचतील. त्यांचं नाव मी बदललं आहे, पण त्यांना कळेलच. माफी मागण्यासाठी लिहिलेलं नाही. ती मी त्या दिवशीही नीट मागू शकले नव्हते. 'फसवत नाही' असं त्यांनी मंडळात ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना खरं काय ते कळावं, एवढंच.

मागच्या महिन्यात त्यांच्या धुराच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. रांझीपासून जवळची दोन-तीन केंद्रं आहेत, तरी ते आमच्याकडेच आले. का आले ते मला माहीत नाही. उतरले नाहीत, स्कूटरवर बसूनच राहिले. मी नळी घातली आणि आकड्यांची वाट बघत उभी राहिले. सोनकर भैया नव्हते, शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

"काका, मनगट दुखतं का अजून?"

"जी नहीं, ठीक है."

"कमानियाला जाता का कधी?"

त्यांनी आरसा थोडा वळवून सरळ केला. "नहीं. अब उधर काम नहीं रहता."

आकडे आले. गाडी पास होती. मी प्रमाणपत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी गाडीचा नंबर, नाव, तारीख, सगळं वाचून पाहिलं, एकदा वरून खाली आणि मग पुन्हा एकदा. मी तोवर नळी गुंडाळून ठेवली.

"धन्यवाद, मैडम," ते म्हणाले, आणि चारी चाकांवर हळूहळू रांझीच्या रस्त्याला लागले.